पांढरं जातंय? औषध घेण्याआधी नेमकं काय जातंय ते बघून घ्या

मागच्या हिवाळ्यात चाळिशीच्या आतल्या एक ताई ओपीडीत आल्या. खुर्चीवर टेकल्या आणि काही बोलायच्या आधी हातातली प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, पिळून चपट्या झालेल्या दोन ट्यूब, काढ्याची बाटली आणि कागदाच्या पुडीत तुरटीचा खडा. "दोन वर्षं झाली मॅडम, पांढरं जातंय. एवढं सगळं करून झालं. आता गर्भपिशवीच काढून टाका म्हणतात."

मी विचारलं, "आतून तपासणी कुणी केली होती?"

त्या थांबल्या. "न्हाई. तोंडी विचारून लिहून द्यायचे."

त्या दिवशी तपासणी केली. कापसाच्या काडीवर घेतलेलं पाणी सलाईनच्या एका थेंबात मिसळून काचेच्या पट्टीवर ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. पेशींच्या गर्दीत शेपट्या हलवत, थरथरत पोहणारे जीव स्पष्ट दिसत होते. ट्रायकोमोनास. त्यावरचा इलाज म्हणजे नवराबायको दोघांनी मिळून घ्यायचा गोळ्यांचा कोर्स. दोन वर्षांचा त्रास पंधरा दिवसांत थांबला.

अशी पिशवी घेऊन येणाऱ्या बायका मी इतक्या पाहिल्यात, की हे सगळं एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली होती. 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाशी संबंधित एक ना एक आजार निघाला, आणि त्याआधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्यानंतर दवाखाने वाढले, औषधं वाढली, पण न बघता औषध देणं आणि न दाखवता औषध घेणं अजून थांबलेलं नाही.

आधी जागा ओळखा

आपण ‘खालची जागा’, ‘शंकेची जागा’ असं एकाच शब्दात सगळं म्हणतो, आणि बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात. बाहेरून दिसतात ते ओठ, त्यांच्या मधली लघवीची बारीक वाट आणि तिच्या खालचं योनीचं तोंड. आत जाते ती योनी, आणि तिच्या टोकाला गर्भपिशवीचं तोंड. बाहेरच्या भागावर त्वचा आहे, तिला पाणी लागतं. आतल्या भागाला काहीही लागत नाही, तो स्वतःला स्वतः साफ ठेवतो. लघवी करताना आतून, मुळाशी जळत असेल आणि सारखी लागत असेल, तर तो बहुधा लघवीचा संसर्ग असतो. लघवी बाहेरच्या सोललेल्या कातडीला लागल्यावर चुरचुरत असेल, तर त्रास योनीचा किंवा त्वचेचा असू शकतो. जांघेत लाल कडेचे गोल चट्टे असतील तर ते गजकर्ण, त्याचा योनीशी संबंध नाही. हा फरक डॉक्टरांना आपल्या शब्दांत सांगता आला तरी अर्धं काम होतं.

पहिलं काम: तुमचं नेहमीचं पांढरं ओळखा

वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत प्रत्येक बाईला पांढरं जातं. दिवसाला साधारण चहाच्या चमच्याच्या आत. पाळी संपल्यावर कमी असतं. महिन्याच्या मधोमध, बीज सुटायच्या सुमाराला, ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं पारदर्शक होतं, दोन बोटांत धरलं तर तार येते. पाळी जवळ आली की दाट, दुधट होतं. गरोदरपणात वाढतं. वाळल्यावर निकरवर पिवळसर दिसतं, आणि तेवढ्यावरूनच कितीतरी मुली घाबरून येतात.

काळ्या किंवा गडद निकरच्या मधोमध रंग उडून फिकट, तांबूस पट्टा पडलेला तुम्ही पाहिला असेल. ‘माझं पांढरं एवढं घातक आहे की कापड जळतं’ असं एका कॉलेजच्या मुलीने मला रडत सांगितलं होतं. तो पट्टा आम्लामुळे पडतो, आणि ते आम्ल असणं ही चांगली गोष्ट आहे. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू राहतात. ते तिथल्या पेशींतल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच 3.8 ते 4.5 राहतो, म्हणजे साधारण दह्याइतका आंबट. त्या आंबटपणात वाईट जंतू सहसा वाढू शकत नाहीत. फिकट पडलेली निकर सांगते, की आतली राखण चालू आहे.

आता सगळ्यात खोल रुजलेला समज. ‘पांढरं गेलं की हाडं झिजतात, हाडांतला रस जातो, म्हणून कंबर दुखते.’ हे खरं नाही. त्या स्रावात पाणी असतं, चिकट द्रव असतो आणि झडलेल्या पेशी असतात. हाडांतलं काहीही त्यातून बाहेर जात नाही. थकवा मात्र खरा असतो, तो खोटा आहे असं मी कुणालाच म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तेव्हा चक्कर, धाप, गळून जाणं असेल तर हिमोग्लोबिन तपासा. पांढऱ्यावरचं टॉनिक घेऊन रक्त वाढत नाही.

दुसरं काम: चार दिवस टिपून ठेवा

मेडिकलमध्ये जायच्या आधी चार दिवस फोनमध्ये किंवा कॅलेंडरवर एवढं लिहा: रंग कोणता, पातळ की घट्ट, वास आहे का, खाज किंवा जळजळ आहे का, पाळीचा कितवा दिवस, संबंधानंतर फरक पडतो का. महिन्याभरात घेतलेली औषधंही लिहा, सर्दी-तापासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकसकट. आणि हे चार दिवस निरोगी स्त्रीसाठी आहेत. ओटीपोटात दुखून ताप येत असेल, गरोदरपणात पाणी गळत असेल किंवा रक्त जात असेल, तर टिपणं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

तिसरं काम: तीन सारखे वाटणारे आजार वेगळे करा

बुरशीचा संसर्ग, म्हणजे कॅन्डिडा. याची खूण खाज, तीसुद्धा झोप उडवणारी. बाहेरची कातडी लाल, सुजलेली, सोललेली. स्राव फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा, आणि वास जवळजवळ नसतो. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात कधी ना कधी हा होतोच. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण आणि वाढलेली साखर ही त्याची नेहमीची कारणं.

दुसरा आहे जिवाणूंचा तोल बिघडणं. डॉक्टर याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. पातळ, करडट पांढरं पाणी आणि मासळीसारखा वास. संबंधानंतर आणि पाळीनंतर वास वाढतो, कारण वीर्य आणि रक्त दोन्ही आम्ल कमी करतात. खाज फारशी नसते. यात बाहेरून शत्रू आलेला असतोच असं नाही, आपले लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि एरवी कोपऱ्यात असणारे जंतू माजतात. मला सगळ्यात वाईट वाटतं ते इथेच: वास येतो म्हणून बाई स्वतःला अस्वच्छ समजते, आत साबण लावून धुते, धुण्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात आणि वास आणखी वाढतो. हा आजार अस्वच्छतेचा नाही. उलट अति धुण्याने तो बळावतो.

तिसरा ट्रायकोमोनास, त्या ताईंना झालेला. पिवळट-हिरवट, कधी फेसाळ स्राव, वास, खाज, संबंधाच्या वेळी दुखणं. हा संबंधातून पसरतो. पुरुषांना बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली जगात 15 कोटी 60 लाख जणांना याची नव्याने लागण झाली.

वाचताना हे तिन्ही वेगळे वाटतात. प्रत्यक्षात एकमेकांत मिसळतात, कधी दोन एकत्र असतात. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला बुरशीच झालीय असं ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा जेमतेम एक तृतीयांशांचं निदान बरोबर निघालं. म्हणून वरची वर्णनं डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहेत, मेडिकलच्या काउंटरवर औषध मागण्यासाठी नाहीत. शिवाय गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे संबंधातून लागणारे संसर्ग पिशवीच्या तोंडाशी काही लक्षण न दाखवता राहू शकतात, आणि वर चढले तर गर्भनळ्या खराब करतात. नुसत्या खाजेमागे कधी सुगंधी पॅडची ॲलर्जी निघते, कधी कातडी पांढरी आणि पातळ पडणारा त्वचाविकार. बुरशीचं औषध कितीही लावलं तरी त्याने तो बरा होत नाही.

चौथं काम: आजपासून काय थांबवायचं

योनीच्या आत पाणी मारणं, बोट घालून साबणाने धुणं, डेटॉलचं पाणी, तुरटीचं पाणी, व्हिनेगर, लसणाची पाकळी: सगळं बंद. तुरटीने आतली त्वचा आवळते आणि कोरडी पडते. ते ‘घट्ट झाल्यासारखं’ वाटणं म्हणजे इजा आहे. दही खायला उत्तम, पण आत लावू नका. दह्यातले जंतू आणि योनीत राहणारे जंतू एका नावाचे असले तरी वेगवेगळ्या जातींचे असतात, आणि लावल्याने संसर्ग बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही.

जाहिरातीतले इंटिमेट वॉश विकत घेण्याची गरज नाही. बाहेरची जागा दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुवा, लागलाच तर सौम्य, बिनवासाचा साबण फक्त बाहेर. धुताना आणि पुसताना हात पुढून मागे. जेट स्प्रे असेल तर त्याचा झोतही पुढून मागे, आणि हळू. केस काढायलाच हवेत असं नाही, ते त्वचेला घासण्यापासून वाचवतात.

सगळ्यात जास्त नुकसान मी ट्यूबने झालेलं बघते. मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की मिळते ती बहुतेक वेळा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून बाई ती महिनोन्महिने लावते. स्टेरॉइडने खाज दबते, बुरशी आत पसरत राहते, आणि त्या नाजूक जागेची कातडी कागदासारखी पातळ होते. 2018 साली केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी घरात एखादी ट्यूब असेल तर मागची बाजू वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलेलं असेल, तर ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय इथे लावायची नाही.

पाळीचं कापड वापरत असाल तर वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त ते धुऊन उन्हात, उघड्यावर वाळलं पाहिजे. इतर कपड्यांखाली लपवून, दमट कोपऱ्यात वाळवलेलं कापड त्रास देतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ऊनच नसतं, तेव्हा कडक इस्त्री फिरवा किंवा त्या चार महिन्यांपुरतं पॅड घ्या. भिजलेलं असो-नसो, चार ते सहा तासांनी बदला. सार्वजनिक शौचालयाच्या सीटवरून योनीचा संसर्ग लागतो ही भीती मात्र सोडून द्या. त्या भीतीने दिवसभर पाणी न पिणं आणि लघवी दाबून धरणं जास्त महागात पडतं.

पाचवं काम: तपासणीला जा

पाळी नसताना जा. आदले दोन दिवस आत कुठलंही औषध घालू नका, संबंध टाळा, निघताना आतून धुऊन स्वच्छ होऊन जाऊ नका. जे जातंय तेच बघायचं असतं. लाज वाटणार, हे मला माहीत आहे. डॉक्टर स्त्री असो वा पुरुष, खोलीत नर्स किंवा तुमच्या बरोबरची बाई असावी, हा तुमचा हक्क आहे, मोकळेपणी मागा. बदकाच्या चोचीसारखं एक उपकरण हळूच आत घालून पिशवीचं तोंड बघतात, काडीवर थोडा स्राव घेतात. दोन-तीन मिनिटांचं काम. श्वास सोडत राहा, पोट सैल ठेवा. दुखलं तर ‘थांबा’ म्हणा, डॉक्टरांनी थांबलंच पाहिजे.

लग्न न झालेल्या मुलींना आई आणायला घाबरते. ‘तिचं लग्न नाही झालं, तिला इन्फेक्शन कसं होईल? तपासलं तर काहीतरी होईल.’ बुरशीला लग्न लागत नाही, ती लहान वयातही होऊ शकते. संबंध न आलेल्या मुलीला ते उपकरण घालत नाहीत. बाहेरून बघतात आणि तोंडाशीच काडी फिरवून नमुना घेतात, तो ती स्वतःही घेऊ शकते.

पैशाची अडचण असेल तर ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा. तिथे ‘सुरक्षा क्लिनिक’ विचारा, तपासणी आणि औषध मोफत असतं. जाताना आशाताईंना बरोबर घेता येतं. सूक्ष्मदर्शक नसेल तिथे लक्षणांवरून हिरव्या रंगाचं औषधाचं पाकीट देतात. त्यात बुरशीवरचं आणि बाकी दोन आजारांवरचं, अशी दोन्ही औषधं असतात. ते घेऊन आठवड्यात फरक पडला नाही, तर तेच पाकीट दुसऱ्यांदा न मागता वरच्या दवाखान्यात तपासणीला जायचं.

सहावं काम: औषध पूर्ण, आणि योग्य माणसाला

ट्रायकोमोनास किंवा जिवाणूंच्या बिघाडावर मेट्रोनिडॅझोलचा सात दिवसांचा कोर्स असेल तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. तोंडाला लोखंडासारखी चव येते, मळमळतं. जेवणानंतर घ्या. योनीत ठेवायची गोळी रात्री, झोपताना, आडवं पडून जितकी आत जाईल तितकी सरकवा. सकाळी थोडी विरघळून बाहेर येते, ते नेहमीचं आहे. या गोळ्या आणि क्रीम, तसंच खोबरेल तेल, यांनी निरोध कमजोर होऊन फाटू शकतो, त्यामुळे त्या दिवसांत निरोधावर विसंबून राहू नका. गरोदर असाल तर ते आधी सांगा. गरोदरपणात बुरशीवरची फ्लुकोनॅझोलची गोळी टाळतात आणि बुरशीवर आत ठेवायचं औषध सात दिवस देतात.

नवऱ्याचं काय? ट्रायकोमोनास असेल तर त्यालाही औषध, त्याच काळात, त्याला काहीही होत नसलं तरी. दोघांचा कोर्स संपून त्रास पूर्ण थांबेपर्यंत संबंध नाही. त्या ताईंच्या पिशवीत सगळं होतं, पण नवऱ्यासाठी लिहिलेली एकही गोळी नव्हती. बुरशी असेल तर त्याला खाज किंवा लाली असेल तरच. जिवाणूंच्या बिघाडात नवऱ्याला औषध लागत नाही असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. 2025 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने ते बदललं: जोडीदारालाही गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं, तेव्हा 12 आठवड्यांत त्रास परत येण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आलं. तेव्हा वास पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना हे विचारा.

आणि एक गोष्ट घर वाचवणारी. ट्रायकोमोनास शरीरात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो आज सापडला म्हणजे कालच लागला असं नाही, आणि कुणामुळे लागला हे कुठल्याही रिपोर्टवरून कळत नाही. त्यावरून भांडण आणि मारहाण झालेली मी पाहिली आहे. दोघांना समोर बसवून हे सांगणं मी औषधाइतकंच गरजेचं मानते.

परत परत होत असेल तर

वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशी झाली, तर आधी साखर तपासा. मधुमेह पहिल्यांदा अशा खाजेतूनच कळलेल्या बायका माझ्याकडे दर महिन्याला असतात. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही सांगा. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात आणि त्यावर बुरशी पोसते. स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगून ठरवा. साखर ठीक असेल तर नमुना कल्चरला पाठवून बुरशीची जात बघावी लागते. काही जाती नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत.

पाळी गेल्यावरची जळजळ बहुतेक वेळा संसर्गाची नसते. हॉर्मोन कमी झाल्याने आतली त्वचा कोरडी होते, त्यावर वेगळं औषध आहे. पण पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी लाल दिसलं, किंवा कुठल्याही वयात संबंधानंतर रक्त गेलं, रक्ताळलेलं घाण पाणी जात राहिलं, तर त्याच आठवड्यात तपासणी. आणि काहीही त्रास नसला तरी तिशीनंतर पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. जुन्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या 1 लाख 31 हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीने, पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

‘पिशवी काढून टाका’ म्हणाले तर

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांची 2019 साली राज्य सरकारच्या समितीने माहिती घेतली. सुमारे 82 हजार जणींपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी तरुण होत्या. फडावर ना पाणी ना आडोसा, पाळीत सुट्टी घेतली की पैसे कापले जातात, अशा कामात पांढरं जाणं आणि पोट दुखणं यावर ऑपरेशन हाच उपाय म्हणून सांगितला गेला.

पिशवी काढली तरी योनी तिथेच राहते. बुरशी होते, वास येतो, ट्रायकोमोनासही होतो. आणि ऑपरेशनमध्ये बीजकोषही काढले, तर पस्तिशीतच पाळी गेल्यासारखी अवस्था होते, आणि तेव्हा मात्र हाडं खरोखर ठिसूळ व्हायला लागतात. हाडं झिजतील या भीतीने बाई ऑपरेशन करून घेते आणि हाडं त्या ऑपरेशननेच झिजतात. मला याची चीड येते.

पिशवी काढणं कधी कधी खरंच गरजेचं असतं, पण नुसत्या पांढऱ्यासाठी नाही. असं कुणी सांगितलं तर तिथे बसूनच विचारा: आतून तपासणीत काय दिसलं? पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का, तिचा कागद कुठे आहे? ‘पुढे कॅन्सर होईल’ हे कोणत्या रिपोर्टवरून? औषधाने काय होऊ शकतं? बीजकोष ठेवणार की काढणार? उत्तरं कागदावर लिहून घ्या, सोनोग्राफी आणि सगळे रिपोर्ट सोबत घ्या आणि सही करण्याआधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. घरातल्या औषधांची पिशवीही बरोबर न्या, सगळी, तुरटीसकट.